बाभूळ म्हणजे कोणती बाभूळ?

शेतकरी बंधूंस बाभूळ ओळखावयास शिकविणें म्हणजे कोळ्यास पोहावयास शिकविण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु महसुली दप्तरांत आमचीं जीं वर्षें गेलीं त्यांत आम्हांस असें आढळून आलें कीं, जें झाड सर्वांस ठाऊक आहे असें समजलें जातें त्याच झाडाविषयीं कागदावर अधिक घोटाळा असतो. वाटणीपत्रांत "बांधावरील बाभळी 12" इतकें लिहिलें कीं लिहिणाराचें काम संपतें आणि भावाभावांचें भांडण सुरू होतें. कारण त्या बारांत कांहीं रामकाठी निघतात, कांहीं विलायती, आणि एखादा हिवरही निघतो. व या सर्वांचें मोल एक नसतें.

याचें मूळ नांवांच्या घोटाळ्यांत आहे. "वेडी बाभूळ" हेंच नांव घ्या. आपल्या जुन्या लोकांत हें देशी बाभळीच्याच एका प्रकाराचें नांव होतें. थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 या काळांत प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत त्या प्रकारास जें शास्त्रीय नांव दिलें आहे, त्यांतही "वेडी" हा आपलाच शब्द उघड दिसतो. आज मात्र पुष्कळ गांवीं वेडी बाभूळ म्हटलें कीं नदीकाठीं व पडीक रानांत माजलेली विलायती बाभूळ समजतात. देणारा एक झाड मनांत धरतो, घेणारा दुसरें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, झाडाची नोंद वा विक्री नुसत्या नांवावर करूं नये. कांटा, पान, फूल, शेंग, साल आणि बांधा पाहून करावी.

अस्सल देशी बाभळीची खूण अशी: कांटे सरळ, पांढुरके व जोडीनें आलेले, पान दुहेरी पिसासारखें, त्यांत उपपानांच्या अनेक जोड्या, फुलें पिवळीं धमक, गोल गोंड्यासारखीं व सुवासिक, जून झाडाची साल काळपट व उभ्या भेगांची. हिच्यांत आपण तीन प्रकार मानतों. पहिली गोडी, जिला तेल्या बाभूळही म्हणतात. हिचा पसारा रुंद असून शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांच्या मध्यें चिमटलेली व राखी लवेची असते. औतें, चाकाचे आरे व तुंबे यांकरितां हिचें लांकूड नांवाजलेलें आहे. दुसरी वेडी. हिची शेंग रुंद, दोन बियांच्या मध्यें फारशी न चिमटलेली, नुसत्या लहरी कांठाची; साल अधिक खरबरीत; आणि लांकूड हलक्या प्रतीचें मानलें जातें. तिसरी रामकाठी. हिच्या फांद्या खोडास धरून सरळ वर चढतात आणि झाड उभ्या केरसुणीसारखें दिसतें. सावली अरुंद पडत असल्यामुळें बांधावर हिचा पिकास जाच कमी. शेंगेवरून गोडी व रामकाठी यांची निवड करणें कठीण. तेथें बांधाच पाहावा.

विलायती बाभूळ ही मुळीं वेगळ्या कुळींतली. ही अमेरिका खंडांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आणली गेली. हिच्या पानास उपपानांची बहुधा एकच जोडी, क्वचित दोन वा तीन; फूल गोल नसून बोटासारखी लांब, हिरवट पिवळी मंजरी; शेंग लांब, पिवळट व गोड गराची, माळेसारखी चिमटलेली नव्हे. डहाळी नागमोडी चालते व बुडापासून अनेक खोडें फुटतात. गुरें शेंग खातात आणि शेणावाटे बीं रानभर पसरतें. पाल्यास मात्र शेळीही सहसा तोंड लावीत नाहीं. वरून तोडली तर दुणावून फुटते, म्हणून ती बुडख्यासकट खणून काढावी लागते. सरपण व कोळसा यांपुरती ती कामाची खरी. पण देशी बाभूळ समजून तिला शेतांत राहूं देणें म्हणजे शेत तिच्या नांवें लिहून देणेंच होय.

आणखी दोन झाडें बाभळींत खपतात. हिवराची साल फिकट पांढुरकी, फुलें मळकट पांढरीं व शेंड्यावर मोठ्या झुबक्यांनीं, आणि माथा छत्रीसारखा पसरट. खैराचा कांटा आंखूड व गळासारखा वांकडा; फूल लांबट मंजरीचें; शेंग पातळ, चपटी व तपकिरी; आंतील लांकूड लाल. येथें चूक फार महाग पडते. खैर हा 1964 सालच्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या अनुसूचींत असून त्यास परवानगीवांचून हात लावतां येत नाहीं. "आम्ही बाभूळ समजून तोडला" हा जबाब पंचनाम्यांत लिहिला जातो, पण त्यानें सुटका होत नाहीं.

पारख करतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शेळ्यांकरितां वरचेवर छाटलेल्या झाडाचा बांधा साक्षीस घेऊं नये. तसेंच कोंवळ्या रोपावरून निर्णय देऊं नये. आणि एका खुणेवर विसंबूं नये. तीन खुणा जुळल्या म्हणजे जात ठरली असें समजावें.

कोणी म्हणतील, हें काम शास्त्रज्ञांचें. आपण नांव विचारून घ्यावें म्हणजे झालें. परंतु शास्त्रज्ञांचीं नांवें तरी कोठें स्थिर आहेत? अकेशिया या नांवाचा वाद 2011 सालीं मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेंत निकालांत निघाला, आणि आतां आपली बाभूळ व्हॅचेलिया कुळांत व खैर सेनेगॅलिया कुळांत गणला जातो. नांवें फिरलीं, पण खैराचा कांटा पूर्वीं होता तसाच वांकडा आहे.

यास्तव आमची सूचना अशी आहे. झाडें विकतांना, वाटून घेतांना किंवा सातबाऱ्याच्या शेऱ्याच्या रकान्यांत लावून घेतांना प्रत्येक झाडाची जात, छातीइतक्या उंचीवरचा घेर आणि एक तरी ठळक खूण लिहवून घ्यावी. शेंगा पिकतात त्या उन्हाळ्यांत प्रत्येकानें आपले बांध एकदां फिरून पाहावे. आणि आपल्या संघाच्या कचेरींत या सर्व झाडांच्या वाळलेल्या शेंगा व कांटेरी डहाळ्या एका फळीवर नांवांसह टांगून ठेवाव्या. यास खर्च चार खिळ्यांचा आहे. एका जोड शेंगेवरून मिटणारा तंटा कोर्टांत नेण्यास किती लागतो, हें ज्यांनीं तालुक्याच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांस आम्हीं सांगावयास नकोच.