प्रमाद आणि महापालिका

७ मे २०१९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर महापालिकेचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. घरांची खरेदी-विक्री अडली, पाणीपट्टीची बिले निघेनात. १३ बिटकॉइनची खंडणी पालिकेने नाकारली, हे योग्यच. तथापि नुकसानीचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरवर गेला.

त्याच परिसरातील विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नॉरिस यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्येच देशभरातील स्थानिक शासनसंस्थांची पाहणी केली होती. संगणकांवर हल्ले जवळजवळ अखंड चालू असतात आणि कित्येक संस्थांना ते किती होतात याचीही जाण नसते, असे त्यांना आढळले. जैन परिभाषेत यालाच प्रमाद म्हणतात. नॉरिस यांचा रोख संगणक विभागापेक्षा लोकप्रतिनिधी व वरिष्ठ अधिकारी यांच्यावर अधिक आहे: संरक्षणाचा भार तंत्रज्ञांवर सोपवून ते स्वतः अलिप्त राहतात, आणि ही अलिप्तता वीतरागाची खचितच नव्हे.