काटकसर म्हणजे लाचारी नव्हे

उन्हाळा आला की मराठवाड्यातील आणि माणदेशातील आपल्या वस्त्यांत टँकरची वाट पाहणे सुरू होते. महाराष्ट्राची बहुतेक भूमी काळ्या पाषाणाची आहे. या खडकात पाणी साठते ते फटींत आणि झिजलेल्या थरांत. एक पावसाळा कोरडा गेला की विहिरी तळ गाठतात. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. 2016 साली तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. जेथे शहराची ही गत, तेथे गावाच्या टोकाच्या वस्तीची काय गत होते, हे तुम्हांस सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा वेळी, बंधुभगिनींनो, घरातील पाणी जपून वापरा आणि एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरा, असे आम्ही म्हटले तर तुमच्यापैकी काहींच्या मनाला ते लागेल. ज्यांच्या वाडवडिलांना विहिरीला हात लावू दिला नाही, ज्यांच्या घागरीत दुसऱ्याने वरून पाणी ओतावे आणि ज्यांनी ते मुकाट्याने न्यावे, त्यांनीच आता सांडपाणीही जपावे काय, असा प्रश्न विचारला जाईल. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या स्त्रियांनी आनंद थेरांना पाचशे वस्त्रे दान दिली. एका श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला, अशी शंका येऊन राजाने आनंदांना विचारले. ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरील बैठक, बैठकीची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी. आणि फडकीही विरली की ती चिखलात मळून जमीन सारवायची. हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. एका वस्तूचा हा हिशेब देताना आनंदांना कमीपणा वाटला नाही. दुसऱ्याने आपल्यावर लादलेले उष्टे घेणे ही लाचारी होय. स्वतःच्या वस्तूचा स्वतःच्या विचाराने शेवटपर्यंत उपयोग करणे हा विवेक होय. पाण्यालाही हीच पायरी लावा.

हिशेब करून पाहा. घरात पाच माणसे आहेत आणि दोनशे लिटरचे एक पिंप दोन दिवस पुरवायचे आहे. म्हणजे दिवसाला 100 लिटर. पिण्यास व स्वयंपाकास 25, आंघोळीस माणशी 10 प्रमाणे 50, भांड्यांना 10 आणि कपड्यांना 15 लिटर धरले की पिंप संपले. शौचालयाला लागणारे पाणी कोठून आणावे? न्हाणीच्या मोरीच्या तोंडाशी भांडे ठेवून किंवा मोठ्या टबात बसून आंघोळ केली, तर 50 पैकी 40 लिटर पाणी सहज हाती लागते आणि शौचालयाची सोय होते. भांडी आधी राखेने घासून कोरडी पुसावीत, मग दोन घमेल्यांत विसळावीत. दुसऱ्या घमेल्यातील पाणी पुढच्या वेळी पहिल्या विसळणीस वापरावे. कपड्यांच्या शेवटच्या पिळणीचे पाणी फरशी पुसण्यास घ्यावे. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी जनावरांना किंवा झाडांना द्यावे. साबणाचे थोडे पाणी केळीच्या बुंध्याशी चालते. परंतु कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर ते कदापि टाकू नये.

येथे सावधपणा हवा. वापरलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. ते साठले की कुजते. त्याची बादली वेगळी, खुणेची असावी. आजाऱ्याचे कपडे किंवा बाळाची दुपटी धुतलेले पाणी पुन्हा वापरू नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीतही वाढतो, म्हणून पिंप कापडाने बांधावे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करावे. टँकरचे पाणी पिण्यापूर्वी गाळून उकळावे.

ही कामे घरातील स्त्रीच्या अंगावर टाकून पुरुषांनी पारावर बसावे, असे मात्र होता कामा नये. ज्या घरात समतेची शपथ घेतली, त्या घरात हंडा उचलण्यास मुलग्याचेही हात लागले पाहिजेत.

आणि तुमच्या काटकसरीचा कोणी अधिकारी गैरफायदा घेऊ लागला तर त्याला स्पष्ट सांगा, की आम्ही बचत करतो म्हणून आमचा वाटा कमी होत नाही. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या घराला ते 275 लिटर होते. तुमच्या घरी किती येते? प्रत्येक वस्तीने एक वही ठेवावी: टँकर आल्याची तारीख, वेळ, घरटी मिळालेल्या घागरी. ती वही ग्रामसभेत वाचावी आणि तिची प्रत तहसीलदारांकडे अर्जासोबत द्यावी. टँकरच्या फेऱ्यांची नोंद 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. सार्वजनिक पाणवठ्यावर कोणी अडविले, तर संविधानाचे पंधरावे व सतरावे कलम आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तुमच्या बाजूस आहे.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन गेले, ते केवळ तहान भागविण्यासाठी गेले नव्हते. माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करण्यासाठी गेले होते. उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास 1937 साल उजाडले. दहा वर्षे लढून मिळालेल्या पाण्याचा एक तांब्याही फुकट जाऊ देणे आपल्याला शोभत नाही, आणि त्याचा एक तांब्याही सोडून देणे शोभत नाही. येत्या पौर्णिमेस विहारात जमाल, तेव्हा वंदना झाल्यावर ही वही उघडा आणि पहिल्या पानावर आपल्या वस्तीतील घरांची संख्या लिहा.