गाडीला शिंगे कशाला?

वाङ्मयीन मंडळाच्या त्रैमासिकात मोटारीच्या बंपरची चर्चा कशासाठी, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरांत हे पत्रक जाते, त्या घरांच्या दारात आता काय उभे असते ते एकदा पाहावे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, पणजी, गाव कोणतेही असो. जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बंगल्यापुढे किंवा इमारतीच्या तळघरात उंच, दणकट, चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी दिसते आणि तिच्या तोंडावर पुष्कळदा पोलादी नळ्यांची जाड चौकट बसवलेली असते. जगभर तिला ‘बुल बार’ म्हणतात. आपल्याकडचा वर्कशॉपवाला ‘बंपर गार्ड’ किंवा ‘क्रॅश गार्ड’ म्हणतो. नवी गाडी घरी आली की हा गार्ड बसवावा की नाही याची चर्चा होते, आणि बहुतेक ठिकाणी ती ‘कोणता बसवावा’ येथूनच सुरू होते. तो बसवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कुणास रुचो वा न रुचो, मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण हा प्रश्न गाडीच्या शोभेचा नसून रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाचा आहे.

ही वस्तू मुळात आली कुठून, ते प्रथम पाहू. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर वस्ती लागत नाही. दिवस मावळल्यावर कांगारू रस्त्यावर येतात. त्यांच्या धडकेने रेडिएटर फुटला तर गाडी तेथेच थांबते, आणि त्या उजाड, तापलेल्या मुलखात पाण्यावाचून अडकलेला माणूस प्राणास मुकू शकतो. तेथे गाडीच्या तोंडावर लोखंड बांधण्यास कारण आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तेथेही हे काम वाटेल तसे होत नाही. २००२ पासून त्या देशात बुल बारसाठी स्वतंत्र मानक आहे. नामांकित उत्पादक विशिष्ट गाडीसाठी, तिच्या एअरबॅगशी मेळ घालूनच तो तयार करतात. आपल्याकडे काय होते? नळ्या वाकवून, वेल्डिंग करून, वर चकाकणारा मुलामा देऊन तयार झालेली चौकट ॲक्सेसरीच्या दुकानात टांगलेली असते, आणि चार बोल्ट आवळून ती दुपारच्या जेवणाआधी गाडीवर चढते. तिची चाचणी कुणी घेतलेली नसते. घेणारा पुढे केवळ रस्त्यावर भेटतो.

‘आमच्याकडेही जनावरे आहेत,’ असे उत्तर यावर येते. ते खोटे नाही. बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्यात उतरणाऱ्यांना गवा ठाऊक आहे. माळव्यात नीलगाय, जिला तेथे रोजडा म्हणतात, शेतातून उसळून थेट रस्त्यावर येते. गुजरातेतील रस्त्यांवर मोकाट गुरे रात्रीसुद्धा बसलेली असतात. पण या जनावरांची मापे लक्षात घ्या. पूर्ण वाढलेला नर रोजडा खांद्यापाशी सव्वा ते दीड मीटर उंच असतो आणि वजनाने २०० किलोंच्या वर जातो. गाडीची धडक त्याच्या लांब पायांवर बसते आणि धड बॉनेटवरून समोरच्या काचेवर येते; खाली बसवलेली नळी त्या धडाला अडवू शकत नाही. मोठा गवा हजार किलोंच्या घरात जातो. त्याच्यापुढे गार्डचे काय चालणार? जनावरापासून खरे रक्षण करणारी गोष्ट निराळी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. धडकेतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटरने गाडी चालवली तर ती शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. जंगलातील घाट दिवसाउजेडी उतरावा, आणि रात्री उतरावाच लागला तर पायाचा दाब कमी करावा. गार्ड बसवणारा नेमके उलट करतो. पुढे पोलाद आहे या भरवशावर त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर अधिक जड होतो, अशी आम्हांस भीती वाटते.

दुसरा युक्तिवाद घरच्या माणसांच्या सुरक्षिततेचा. ‘हल्लीच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, जरा लागले की चेपतात,’ ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. पण गाडी चेपते हा तिचा दोष नसून गुण आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी बेला बारेन्यी या मर्सिडीझच्या अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि १९५९ च्या गाडीत ती प्रत्यक्षात आली. माणसे बसतात तो मधला भाग ताठ ठेवायचा. पुढचा व मागचा भाग मात्र धडकेत घडी पडत चेपेल असा करायचा. अशा चेपण्याने धडक थोडी लांबते, गाडी एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते, आणि आतल्या माणसाच्या छातीवर व मानेवर येणारा हिसका कमी होतो. उंचावरून उडी मारणारा गुडघे वाकवून जमिनीवर येतो, ताठ पायांनी नाही. तोच हा न्याय. आता या वाकणाऱ्या गुडघ्यांवर पोलादी पट्टी बांधली तर काय होईल? कडक चौकट थेट चॅसिसला जोडलेली असते. चेपण्याचा क्रम ती बिघडवते आणि धक्का आत पोचवते.

एअरबॅगचे तर याहून नाजूक आहे. पुढची एअरबॅग केव्हा फुगवायची हे गाडी किती वेगाने मंदावते आहे, यावरून सेन्सर ठरवतात. हे गणित कारखान्याने गार्डवाचूनच्या गाडीसाठी केलेले असते. मध्ये परके पोलाद आले की ते चुकू शकते: एअरबॅग उशिरा उघडेल, उघडणारच नाही, किंवा किरकोळ धक्क्यातही तोंडावर फुटेल. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढे शेजारच्या आसनाचीही झाली. तिच्यासाठी गाडीच्या किमतीत पैसे मोजायचे आणि मग आणखी पैसे देऊन तिच्या कामात अडथळा आणायचा, याला शहाणपण म्हणता येत नाही.

कायद्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे शंकेला फारशी जागा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बसवणे हे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलापोटी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘पण कोण पकडतो?’ असे कुणी म्हणेल. पुढाऱ्यांच्या गाड्यांवर गार्ड मिरवतात हे आम्हीही पाहतो. परंतु कोतवाल झोपला आहे म्हणून सज्जनाने आपले वर्तन बदलावे, हे ज्या घरांतून नातवंडांना शिकवले जात नाही, त्याच घरांना उद्देशून आम्ही लिहीत आहोत.

आता मुख्य मुद्दा. ‘गार्ड’ म्हणजे रक्षक. हा कुणाचा रक्षक? ओळखीचा एक दुसरा गार्ड येथे आठवतो. दुचाकीच्या मागच्या चाकाशी असलेल्या जाळीला आपण ‘साडी गार्ड’ म्हणतो. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून तो असतो, आणि मागच्या चाकावर असे आवरण असावे हे नियमातच आहे. तो खरोखर रक्षण करतो, आणि त्यापासून दुसऱ्या कुणाला इजा नाही. बंपर गार्ड रक्षण करतो तो रंगाचे, प्लास्टिकचे आणि दिव्यांच्या काचांचे. त्याची किंमत देतो तो समोरचा माणूस.

ती कशी, हे समजून घेतले पाहिजे. आजच्या गाडीचा बंपर मऊ प्लास्टिकचा असतो, त्यामागे पोकळी असते, बॉनेटचा पत्रा दबतो. पायी चालणाऱ्याला धडक बसली तरी आघात मोठ्या क्षेत्रावर पसरावा, काही अंशी तरी गाडीने तो सोसावा, अशी ही योजना आहे. पोलादी नळी दबत नाही. ती सगळा आघात दोन-अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यावर आणते. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो पट्टा मांडीवर किंवा कमरेवर येतो. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या बाबतीत तो छातीवर किंवा डोक्यावर येतो. याहून अधिक वर्णन करण्याची गरज नाही. याच कारणाने युरोपीय संघाने २००५ मध्ये नियम केला, की गाडीपुढे बसवायच्या अशा कोणत्याही वस्तूने पादचाऱ्याला होणाऱ्या इजेच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या पाहिजेत.

आपल्या रस्त्यांवर हा मुद्दा युरोपाहून किती तरी अधिक लागू पडतो. सरकारी अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला सुमारे ९०. आणि ७४,८९७ दुचाकीवरची होती. दोन्ही मिळून शंभरांत जवळजवळ ६४. हे सारे गाडीच्या गार्डने मेले असा आमचा दावा नाही. अपघाताची कारणे अनेक असतात. पण आपल्या रस्त्यावर गाडीपुढे कोण येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. कांगारू नव्हे, बहुधा रोजडाही नव्हे. येतो तो सायकलवरचा दूधवाला, शिकवणीहून परतणारी मुलगी, मंदिरातून निघालेले आजोबा. ज्याच्याकडे पत्रा नाही, एअरबॅग नाही, त्याच्यासमोर आपण मुद्दाम लोखंड धरतो.

‘माझी गाडी, माझा पैसा,’ असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर सोपे आहे. घराच्या आत काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालते, आणि तिचे तोंड नेहमी दुसऱ्याकडे असते.

उरतो तो रुबाबाचा प्रश्न, आणि आमच्या मते बहुतेक गार्ड त्यासाठीच बसवले जातात. येथे आपल्या समाजाला दोन शब्द अधिक स्पष्टपणे सांगावेसे वाटतात. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याकडील आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी आले. सरदारकीच्या आठवणी काही घरांत अद्याप आहेत, आणि गाडीचा रुबाब म्हणजे घोड्याच्या रुबाबाचा वारसा, असे हसतहसत म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. तो वारसाच काढायचा तर पुरता काढावा. स्वारी निघाली की पुढे भालदार-चोपदार ललकारी देत चालत, आणि ती ऐकून लोकांना बाजूला होण्यास वेळ मिळे. बंपर गार्ड कसली ललकारी देतो?

आणि वारसा दरबाराचा तसा गोठ्याचाही आहे. ‘बुल बार’ या नावात बैल आहे, म्हणून आठवण देतो. मारक्या किंवा उधळणाऱ्या जनावराच्या गळ्यात आपल्याकडे लाकडाचे लोढणे बांधत, म्हणजे ते धावू लागले की त्याच्याच पायांत अडखळे. बैलाच्या शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या बसवत. त्या पोळ्याला शोभत आणि अणकुचीदार टोकही झाकत. ज्याच्या अंगात बळ जास्त, त्याला आवर घालण्याची जबाबदारी धन्याची, अशी ही रीत होती. जनावराने कुणाला मारले तर गावात मान धन्याची खाली जाई. दोन टन वजनाची, ताशी शंभराने धावणारी गाडी दारात आणून तिला उलट शिंगे लावून देणे, हे त्या रीतीच्या अगदी विरुद्ध आहे.

शिवाय आपण या गावांत बाहेरून आलो आहोत. चार-सहा पिढ्यांपूर्वी येथल्या लोकांनी आपल्याला सामावून घेतले, आणि आपल्या घरांची ओळख विद्येने, गाण्याने, हिशेबातील सचोटीने आणि बोलण्यातील सभ्यतेने झाली. ती ओळख आजही शेजारीपाजारी मानतात. अरुंद गल्लीत पोलादी तोंडाची गाडी मागे येऊन उभी राहते तेव्हा भिंतीला चिकटून उभा राहणारा शेजारी मनात काय म्हणत असेल, याचा विचार मालकाने करावा.

तेव्हा निर्णय घेताना करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. नवी गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याला गार्ड नको असे आधीच सांगावे. भेट म्हणून देऊ केला तरी नाकारावा. ज्यांच्या गाडीवर तो आहे त्यांनी तो उतरवून घ्यावा, आणि उतरवल्यावर मूळ बंपर जागेवर नीट बसला आहे ना, सेन्सर व दिवे यांस धक्का लागलेला नाही ना, हे जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे. न कळवता केलेला बदल विम्याचा दावा अडवण्यास निमित्त होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. गार्डसाठी काढून ठेवलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत, ब्रेक तपासून घ्यावेत, समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असे दिवे जुळवून घ्यावेत. रस्त्यावरचा ओरखडा बंपरवर उठला तर उठू द्यावा. तो रंगाने भरून निघतो.

या मताशी असहमत असणाऱ्या वाचकांनी अवश्य लिहावे. पुढील अंकात त्यांना जागा देऊ. मात्र लिहिण्यापूर्वी गाडीपुढे जाऊन त्या नळीची जमिनीपासूनची उंची मोजावी, आणि घरातले सर्वांत लहान चालते मूल शेजारी उभे करून पाहावे.