मराठवाड्यातील लहान कर्ज : हप्ता कोणाच्या हंगामाने?

कर्जाचा इतिहास वाचताना आपण मे १८७५ मध्ये सुप्याला पोहोचतो, जाळलेले कर्जरोखे पाहतो आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यापाशी थांबतो. तो कायदा मात्र ब्रिटिश मुलखाचा. नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात. तिथल्या कुळाला त्याचा आधार मिळाला नाही.

सावकारी दोन्हीकडे एकाच तऱ्हेची होती. पेरणीला नेलेले धान्य सुगीत सवाईने वा दिडीने फेडायचे : मणाला सव्वा मण, नाहीतर दीड मण. हा दर जुलमीच. तरीही एक गोष्ट सावकार अचूक ओळखून होता, आणि आजच्या अनेक वित्तसंस्था ती ओळखत नाहीत, असे माझे मत आहे : कुणब्याच्या हाती पैसा सुगीला येतो, दर सोमवारी नव्हे.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे निघाले, सहकारी संस्थांचे जेमतेम ३ टक्के. १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. तरी तारण नसलेल्या बाईला बँकेची पायरी उंचच राहिली.

तिला वाट सापडली ती बचत गटांत. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँका जोडण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेसह गावोगाव उभ्या राहिलेल्या स्त्रिया पुढे बचत आणि पतपुरवठ्याकडे वळल्या. शेजारणीची शेळी कधी विणार, दुधाचा पगार कधी होणार, सोयाबीन लातूरच्या आडतीवर कधी जाणार, हे गटातील बायांना ठाऊक असते. हप्ता त्या बेताने ठरवता येतो.

मायक्रोफायनान्सचा हप्ता बहुधा ठरल्या वारी येतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार परतफेड घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी. पण मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न काढणार कसे? त्यांचा पैसा तर कोयता हाती घेण्याआधीच खर्च झालेला असतो. सरासरी काढली की हप्ता कागदावर बसतो. जूनमध्ये, बियाणे घेताना, बसत नाही.

हप्त्यांचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठेवण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. मग नांदेड-लातूरच्या शाखांनी अर्जात एक रकाना वाढवावा : घरात पैसा कोणत्या महिन्यांत येतो?