चित्रकर्तींचा स्वतंत्र सन्मान

स्त्रियांसाठी वेगळा पुरस्कार म्हणजे सवलत, असा आक्षेप घेतला जातो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील व्यक्तिचित्रणाचा आर्चिबाल्ड पुरस्कार १९२१ साली सुरू झाला. तो स्त्रियांनाही खुला होता. तरी पहिली विजेती स्त्री, नोरा हायसन, १९३८ साली ठरली आणि दुसरी, ज्युडी कॅसब, १९६० साली. मधल्या काळात गुणवंत चित्रकर्तीच नव्हत्या, असे कोण म्हणेल? पुढे चित्रकर्ती पोर्शिया गीच यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या भगिनी फ्लॉरेन्स यांच्या मृत्युपत्रातील निधीतून, १९६५ पासून केवळ स्त्री चित्रकारांना व्यक्तिचित्रणाचा पुरस्कार मिळू लागला. आम्ही त्यास उपकार मानीत नाही. गुणवत्तेची पारख निःपक्षपाती होत नसेल, तेथे स्वतंत्र व्यासपीठ हाच न्याय होय. आमच्या लेकींच्या हाती कुंचला देताना पालकांनी हे ध्यानी ठेवावे.