नॅट टर्नरला दुसऱ्यांदा फाशी



नॅट टर्नरला गोऱ्यांनी दोनदा फासावर दिलं. पहिल्यांदा ११ नोव्हेंबर १८३१ ला, व्हर्जिनियात. दुसऱ्यांदा १९६७ साली, कादंबरीत.

पहिली फाशी सरळ होती. ऑगस्ट १८३१ मध्ये या गुलामानं बंड केलं. पन्नासावर गोरे मारले गेले. सूड म्हणून गोऱ्यांनी बंडाशी संबंध नसलेले काळेही कापून काढले. नॅट तुरुंगात असताना ग्रे नावाच्या गोऱ्या वकिलानं त्याचा कबुलीजबाब लिहून छापला. बंड काळ्याचं अन् लेखणी गोऱ्याची!

दुसरी फाशी मखमली दोराची. विल्यम स्टायरन या गोऱ्या लेखकानं 'द कन्फेशन्स ऑफ नॅट टर्नर' लिहिली. तीही नॅटच्या तोंडून, 'मी' म्हणत. ग्रेच्या कागदात नॅट आपल्या आईबापाविषयी, आजीविषयी बोलतो. त्यांनीच त्याच्या मनाला बळ दिलं. कादंबरीत त्याला अक्षर देतं ते गोऱ्या मालकाचं घर! काळे टीकाकार सांगतात, त्याला बायको होती. कादंबरीत बायको गायब. आहे ती एका गोऱ्या पोरीची वासना. गुलामीविरुद्ध उचललेली तलवार स्टायरननं पलंगाखाली ढकलली, अन् १९६८ चं पुलित्झर खिशात घातलं.

पांढरपेशे विचारतील, कलावंताला स्वातंत्र्य नको का? जेम्स बाल्डविनसारखा काळा लेखकही स्टायरनच्या बाजूनं उभा राहिला होता. असू दे. कुणी कुणावर लिहू नये, असं आमचं म्हणणंच नाही. सवाल एवढाच : ज्याच्या कातडीत शिरता, त्याचा कणा का काढून घेता? बंड करायला गुलामी हे कारण पुरत नाही? वासना कशाला लागते?

काळे लेखक रडत बसले नाहीत. १९६८ मध्येच जॉन हेन्रिक क्लार्कच्या संपादनाखाली दहा जणांनी पुस्तक काढलं अन् स्टायरनला जाब विचारला.

१९७२ साली आपण तिकडून 'पँथर' हे नाव घेतलं. आता ही सवयही घ्या. आपल्यावरची कादंबरी हाती आली की तिच्या कळवळ्याला भुलू नका. तपासा. आपला माणूस त्यात नुसता मार खातो, की विचारही करतो? त्यानं झगडून मिळवलेलं अक्षर कुणाचं दान म्हणून दाखवलंय? खोटं सापडलं तर दहा जण बसा, स्टेन्सिल कापा, उत्तर छापा.

जयभीम!