धोका किती, यापेक्षा पुढचा फोन कोण करणार?

सोलापूरच्या माणसाला कुंभारी दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे कामगारांची घरं. २००६ मध्ये विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांच्या ३०,००० घरांच्या रे नगरमधली पहिली १५,००० घरं लोकांच्या ताब्यात आली. दुसरी गोष्ट, अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. विड्या वळणारी, यंत्रमागावर राबणारी, रोजंदारीवर जगणारी हजारो कुटुंबं आणि मोठा दवाखाना एकाच गावात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दर चारांतला एकाहून जास्त माणूस रोजंदारी मजूर होता. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या, २२,७४६. त्यामुळे जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाचा पुढचा धोका डॉक्टर कसा ओळखतात, आणि तो घरी परतल्यावर आपण काय करतो, हे दोन्ही प्रश्न कुंभारीसारख्या गावात फार जवळचे आहेत.

पहिल्या प्रश्नाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे चेहरा पाहून मनातलं ओळखणारा, नाहीतर झोपेच्या गोळ्या देणारा. प्रत्यक्षात त्याचं निम्मं काम नीट प्रश्न विचारण्याचं असतं. मरण आलं तर बरं असं वाटणं वेगळं आणि स्वतःचा जीव घ्यायचा विचार करणं वेगळं, हा फरक तो आधी करतो. (प्रसूतीच्या वेदनेत हजरत मरियम यांनी मरणाची इच्छा बोलून दाखवल्याचा उल्लेख कुरआनात आहे. असं वाटलं म्हणून कुणाचं ईमान कमजोर ठरवण्याआधी हे आठवावं.) मग पुढचे प्रश्न. विचार किती वेळा येतो? कसं करायचं हे ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? वाचल्याचं बरं वाटतंय की वाईट? झोप, दारू, कर्ज, मारहाण, अलीकडे कुणी गेलं का, घरी सोबत कोण असतं, हेही विचारलं जातं. एखादी मुलगी मरायचं नसतानाही स्वतःला इजा करून घेत असेल, तर घरचे त्याला नाटक म्हणतात. डॉक्टर तसं म्हणत नाही. सहन न होणारी वेदना सोसण्याचा तो तिचा मार्ग असतो, आणि अशा मुलांमध्ये पुढे जिवाचा धोकाही वाढलेला दिसतो.

प्रश्न कुठल्या भाषेत विचारला जातो यानेही फरक पडतो. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ याला आपल्या घरातली बाई चटकन ‘नाही’ म्हणेल, कारण तो शब्द पेपरातला आहे. ‘जीने को जी नहीं करता क्या? मरने का खयाल आता क्या?’ असं विचारलं तर ती कदाचित बोलायला लागेल. आणि विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

एवढं सगळं विचारल्यावर धोक्याला गुण देता येतील का? मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला असा स्कोअर फार आवडला असता. पण हिशेब करून पाहा. समजा, १ लाख लोकांमागे वर्षाला १२ आत्महत्या होतात. २०२२ चा देशाचा दर साधारण एवढाच होता. आता एक चांगली चाचणी आहे असं धरा. ती खरोखर धोक्यात असलेल्या दहांपैकी आठ जणांना ओळखते आणि बाकीच्यांपैकी फक्त दहा टक्के लोकांवर उगाच शिक्का मारते. ही चाचणी १ लाखातल्या सुमारे १०,००० लोकांना ‘धोका’ म्हणेल. त्यांत खरे निघतील दहाएक. उरलेल्या दोघांना ती ‘सुरक्षित’ म्हणून घरी पाठवेल. दवाखान्यात आलेल्यांमध्ये हे प्रमाण थोडं सुधारतं, पण अडचण तीच राहते. सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचून आत्महत्या आधीच ओळखू असं सांगणारी ॲप बनवणारे माझ्याच धंद्यातले लोक हा हिशेब सहसा दाखवत नाहीत.

२०१७ मध्ये पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. आपण तपासत आलो त्या लक्षणांवरून कोण जीव देईल हे सांगणं नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं ठरतं, असं त्यात निघालं. आधीचा प्रयत्न हे महत्त्वाचं लक्षण आहेच, पण एकट्या त्यावरूनही भविष्य सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये मानसिक उपचार चालू असताना आत्महत्या केलेल्यांच्या नोंदी पाहिल्या, तर शेवटच्या भेटीत त्यांतल्या बहुतेकांचा धोका ‘कमी’ किंवा ‘नाही’ असाच लिहिलेला होता. म्हणून तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ सांगितलं की धोक्याचे तक्ते आणि ‘कमी-मध्यम-जास्त’ असे शिक्के भविष्य सांगायला वापरू नका, आणि उपचार कुणाला द्यायचे हे त्यावरून ठरवू नका. कोलंबिया स्केलसारखी प्रश्नावली निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. काय विचारायचं ते विसरू नये म्हणून ती चांगली. पण खरं विचारायचं ते हे की या माणसाला आत्ता कशाची गरज आहे आणि त्याला कोण धरून ठेवणार?

यावर मला सर्वांत पटणारा पुरावा २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. चेन्नई, कोलंबो, इराणमधलं कराज, ब्राझीलमधलं कांपिनास आणि चीनमधलं युन्चेंग, इथल्या रुग्णालयांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या १,८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत घरी जाताना तासभर समजावून सांगणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस, फोनवर किंवा घरी जाऊन. दीड वर्षाने नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ जणांनी जीव दिलेला होता, विचारपूस झालेल्या गटात दोघांनी. नऊ वेळा विचारपूस! ती प्रशिक्षित डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञांनी केली होती हे खरं. पण त्यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहू. बाई दवाखान्यात आली की घरचे डॉक्टरला सांगतात, ‘चुकून औषध पोटात गेलं.’ वर दिलेले सगळे प्रश्न तिथेच संपतात. खोट्या माहितीवर कुठलाही डॉक्टर धोका मोजू शकत नाही. हे खोटं पोलिसांच्या भीतीने बोललं जातं, कारण विषबाधेच्या केसची नोंद पोलिसांकडे जाते. पण कायदा बदललाय, हे मोहल्ल्यात अजून पोचलेलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं असतं आणि तिच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची असते. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ १ जुलै २०२४ पासून गेलं. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा नव्या संहितेत गुन्हा उरला आहे. नवऱ्याच्या मारहाणीने खचलेल्या बाईचा त्याच्याशी संबंध नाही. पोलीस जबाब घ्यायला आले तर तिला त्रास देणारा कोण, हेही त्यात नोंदवता येतं. कदाचित म्हणूनच काही घरांना ‘चुकून’ हा शब्द सोयीचा वाटतो.

दुसरी भीती ‘हराम’ या शब्दाची. आत्महत्या हराम आहे, यावर वाद नाही. श्रद्धा माणसाला धरून ठेवते हे डॉक्टरही मानतात. मार्शा लिनेहान यांनी १९८३ मध्ये जगण्याच्या कारणांची जी प्रश्नावली केली, तिच्यात धार्मिक-नैतिक कारणांचा वेगळा भाग आहे. पण तीच श्रद्धा, वाचून आलेल्या पोराच्या उशाशी बसून ‘जहन्नमची तयारी केली होतीस’ असं म्हणायला वापरली, तर ते पोरगं पुढच्या वेळी कुणालाच काही सांगणार नाही. ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्यावर हिशेबाचा भार नसतो, हे आपल्याच फिक्हचं तत्त्व आहे. आत्महत्या केलेल्याची जनाज्याची नमाज पढली जाते, हे हनफी मत आहे. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला होता. जुम्याच्या बयानात यातलं किती येतं?

आपल्या तरुणांचे व्हॉट्सॲप ग्रुप रक्तदानाला तासाभरात माणसं उभी करतात. इथे लागतं ते त्याहून संथ आणि गुपचूप काम. घरी परतलेल्याच्या कुटुंबाने, त्याच्या संमतीने, एक माणूस ठरवावा, मामू असो, खाला असो की दोस्त. पहिल्या आठवड्यात, मग दुसऱ्या, मग चौथ्या, असं दीड वर्ष त्याने विचारत राहावं. उपदेश नको. झोप लागते का, औषधं चालू आहेत का, दवाखान्याची पुढची तारीख कधी, एवढंच. ग्रुपवर नाव नको, फोटो तर नकोच. घरातली कीटकनाशकं आणि जास्तीची औषधं दुसरीकडे ठेवावीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या प्रचंड घटल्या, म्हणजे साधन दूर गेल्याने जीव वाचतात. हे डॉक्टरांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला करायचं आहे. माणूस पुन्हा तसंच बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नये, १०८ ला फोन करावा किंवा थेट दवाखान्यात न्यावं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आज तो विचार असेल, तर टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे. रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर काय बोलावं ते सुचलं नाही, तर ‘मला कसं सांगायचं ते कळत नाही’ एवढं म्हटलं तरी पलीकडचा माणूस पुढचे प्रश्न स्वतः विचारतो.